व्हीआरच्या तासाला बाईंच्या हातात काय द्यायचं? टीचर पॅनल पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

मागच्या वर्षी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत आम्ही आठवीच्या वर्गाला व्हीआरमधून (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण तिथंच उभे आहोत असं वाटतं ते) कोयना धरण दाखवलं. ८ हेडसेट, ४२ पोरं, ३५ मिनिटांचा तास. पोरं एकदम खूश, "आई शप्पथ, खाली बघ किती खोल हाय" असं चाललेलं, आणि त्या वर्गाला विज्ञान शिकवणारी माझी ताई टॅबलेट हातात धरून वर्गाच्या मधोमध उभी. त्या टॅबलेटवर टीचर पॅनल, म्हणजे बाईंनी सगळे हेडसेट एका जागेवरून बघायचा आणि चालवायचा पडदा. तास संपल्यावर पहिलं वाक्य काय बोलली तर, "अरे, पोरांचे डोळेच दिसत नाहीत मला, मग मी शिकवू कुणाला?"

खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका वाक्यातून निघालंय. साध्या वर्गात बाई फळ्याकडं तोंड करून लिहीत असल्या तरी मागं वळल्या की दोन सेकंदात त्यांना कळतं, कोण खिडकीतून बघतंय, कुणाच्या कपाळावर आठ्या पडल्यात, कुणाला समजलंय पण हात वर करायला लाजतंय. हेडसेट चढवला की निम्मा चेहरा झाकला जातो आणि हे सगळं एका झटक्यात बंद होतं. पोरांनाही बाई दिसत नाहीत. म्हणजे दोन्हीकडून नजर तुटली. टीचर पॅनल म्हणजे ही तुटलेली नजर जमेल तेवढी परत जोडून देणारी वस्तू, असं मी आता समजतो. नवीन लोकं बहुतेक उलटं करतात, पॅनल म्हणजे टीव्हीचा रिमोट समजून बटणांवर बटणं चढवतात. मीपण तेच केलं होतं, पहिल्या पॅनलवर १४ बटणं होती आणि ताईनं त्यातली ३ वापरली.

ज्यांना एचटीएमएल आणि थोडं जावास्क्रिप्ट येतं त्यांना हे सगळं जमण्यासारखं आहे. डिप्लोमाची पोरं असोत, कोडिंगची आवड असलेले शिक्षक असोत, सुरुवातीला हेडसेट हातात नसला तरी चालतंय, ते कसं ते पुढं सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट माहीत करून घ्या. गूगलनं २०१५ साली एक्सपिडिशन्स नावाचं शाळांसाठीचं व्हीआर आणलं होतं, पुठ्ठ्याच्या कार्डबोर्डमध्ये मोबाईल घालून बघायचं. त्यात शिक्षकाच्या टॅबलेटवर ३६० अंशाचं चित्र दिसायचं आणि त्या चित्रावर प्रत्येक पोराची एकेक छोटी हसरी टिकली फिरायची, पोरगं जिकडं बघेल तिकडं टिकली सरकायची. शिक्षकानं एखाद्या जागेवर बोट ठेवलं की पोरांना बाण दिसायचा, इकडं वळा म्हणून. ३० जून २०२१ ला ते ॲप बंद झालं, पण कल्पना अगदी बरोबर जागेवर बोट ठेवणारी होती. बाईंना चेहरे परत द्या, आणि बाईंचं बोट पोरांना दिसू द्या. आपल्यालाही एवढंच करायचंय, आपल्या शाळांना परवडेल अशा पद्धतीनं.

पायरी १: लॅपटॉप उघडायच्या आधी मागच्या बाकावर जाऊन बसा

कमीत कमी दोन तास बसा. एक साधा तास आणि एक व्हीआरचा, पॅनल नसलेला, म्हणजे प्रत्येक हेडसेट हातानं चालू करून दिलेला. वही घ्या आणि दर मिनिटाला बाई काय करतायत ते लिहा. मत लिहू नका, नुसतं काय केलं ते. "१२:१० एका मुलीचा पट्टा घट्ट केला. १२:११ दुसऱ्या बाकावर गेल्या, 'काय दिसतंय तुला?' विचारलं. १२:१२ परत तोच प्रश्न तिसऱ्या पोराला."

माझ्या वहीतून दोन गोष्टी निघाल्या ज्या मला घरी बसून कधीच सुचल्या नसत्या. एक म्हणजे ताईचा एक हात कायम कुणाच्या तरी डोक्यावर असतो, पट्टा सरकव, चष्मा पुस, केस बाजूला कर. म्हणजे टॅबलेट एका हातात आणि बोट फक्त एक, अंगठा. दुसरी गोष्ट, "काय दिसतंय तुला?" हा प्रश्न तिनं एका तासात २३ वेळा विचारला. वहीत ज्या प्रश्नापुढं सगळ्यात जास्त खुणा पडतील तो प्रश्न पॅनलनं सोडवायचा, बाकी सगळं नंतर.

आणि अजून एक दिसलं. ८ जण व्हीआरमध्ये, ३४ जण बाहेर. त्या ३४ जणांचं काय? जास्त हेडसेट येतील तेव्हा येतील, आपल्याकडच्या शाळेत आज हेच प्रमाण असणार हे धरून चाला. त्यामुळं पॅनलमध्ये "भिंतीवर दाखवा" अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे कुठला सीन चालू आहे तो प्रोजेक्टरवर दिसतो आणि बाहेरची पोरं वहीत आकृती काढत आतल्यांना प्रश्न विचारू शकतात. आमच्या वर्गात सगळ्यात चांगली चर्चा या बाहेरच्या पोरांमुळंच झाली.

पायरी २: कागदावर काढा, आणि बटणं कमी करत न्या

टॅबलेटच्या मापाचा कागद कापा. बाईंना एका नजरेत तीन गोष्टी कळायला पाहिजेत: कोण अडकलंय, कोण कुठं बघतंय, आणि आता कुठला सीन चालू आहे. एका नजरेत म्हणजे खरंच एक-दोन सेकंद, त्यापेक्षा जास्त वेळ बाई खाली बघत बसल्या तर एखादं पोरगं बाकाला धडकतं.

बटणं आमच्याकडं आता चारच आहेत. "थांबा", "इकडं बघा", "पुढचा सीन", "चष्मा काढा" (म्हणजे हेडसेट काढा). शब्द बघा, विराम नाही, पुढील दृश्य नाही. बाई तोंडानं जे बोलतात तेच बटणावर लिहायचं, कारण घाईत माणूस बटण वाचत नाही, ओळखतो. सरांच्या तासाला वेगळे शब्द निघतात का तेही विचारून घ्या.

बटणाचं माप: अँड्रॉइडच्या मटेरिअल डिझाइन या नियमावलीत ४८ डीपी म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हे कमीत कमी सांगितलंय, पण ते शांत बसून वापरणाऱ्यासाठी. चालता चालता अंगठ्यानं दाबायचं तर मी निदान दुप्पट धरतो आणि चारही बटणं खालच्या कडेला, अंगठा पोचतो तिथं. डाव्या हातात टॅबलेट धरणारे आणि उजव्या हातात धरणारे असे दोन्ही असतात, त्यामुळं आडव्या ओळीत पूर्ण रुंदीची बटणं बरी पडतात.

इथं एक प्रसंग सांगतो कारण त्यातून नियम निघाला. ताई एका मुलीचा पट्टा लावत होती आणि तिचा अंगठा चुकून "पुढचा सीन"वर पडला. आठही पोरं धरणाच्या भिंतीवर उभी होती ती एकदम अंधाऱ्या बोगद्यात. एक मुलगी दचकून ओरडली, हेडसेट ओढून काढला, आणि त्या दिवशी परत लावलाच नाही. तेव्हापासून "पुढचा सीन" हे बटण दाबून धरावं लागतं, साधारण एक सेकंद, त्यात कड भरत जाताना दिसते. पण "थांबा"ला असं काही नाही, स्पर्श झाला की थांबलं. पोरांना धक्का देऊ शकेल ते बटण अवघड ठेवा, पोरांना वाचवेल ते बटण सगळ्यात सोपं ठेवा. "खात्री आहे का?" असं विचारणाऱ्या खिडक्या टाकू नका, त्या न वाचता हो म्हणून दाबल्या जातात.

पायरी ३: यादी नको, बाकं काढा

हेडसेटची यादी एकाखाली एक लावली की बाईंना डोक्यात भाषांतर करावं लागतं, पाचवा हेडसेट म्हणजे कोण, कुठं बसलंय. त्यापेक्षा पडद्यावर वर्गाचा नकाशा काढा, फळा वर, बाकं खाली, आणि प्रत्येक हेडसेटचं कार्ड त्याच्या बाकावर. बोटानं ओढून जागा बदलता आली पाहिजे, कारण तासातासाला बाकं सरकतात.

हेडसेटना नावं द्या. आम्ही किल्ल्यांची दिली: अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, वासोटा, कल्याणगड, पांडवगड, चंदन, वंदन. हेडसेटवर मोठा स्टिकर, कार्डवर तेच नाव. "वासोटावाल्या, पट्टा सैल झालाय बघ" असं बाई म्हणाल्या की पोरगं पण लगेच ओळखतं. पोरांची खरी नावं सिस्टिममध्ये टाकायची गरजच पडत नाही, आणि याचा फायदा पुढं सांगतो तिथं होतो.

पायरी ४: आतली जोडणी

इथं थोडा वेळ काढून वाचा.

पॅनल वेबपेज म्हणून बनवा. आणि पाठ पण वेबवरच, ए-फ्रेम वापरून. ए-फ्रेम हे मोझिलानं २०१५ साली काढलेलं, एचटीएमएलसारखे टॅग लिहून व्हीआर सीन बनतो, शिकायला सोपं. मधे एक छोटा सर्व्हर, नोडवर (ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन), वर्गातल्याच लॅपटॉपमध्ये. हेडसेट आणि टॅबलेट वेबसॉकेटनं, म्हणजे दोन्हीकडून निरोप जाऊ शकतील अशा कायम उघड्या जोडणीनं, त्या सर्व्हरला जोडलेले. इंटरनेट लागत नाही, एक राउटर पुरतो. गावाकडच्या शाळेत हे फार महत्त्वाचं आहे, नेट गेलं म्हणून तास गेला असं होता कामा नये.

वेब का, याचं एक कारण मराठी आहे. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो वापरून मराठी लिहायला गेलात तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, "स्थिती" लिहिलेलं पोराला वाचता येत नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांना चिकटताना रूप बदलतात आणि ते काम त्यात नीट होत नाही, वेगळे प्लगइन लावावे लागतात. ब्राउझरमध्ये साध्या पेजवर मराठी एकदम व्यवस्थित येतं, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घ्या आणि चालू करा. फक्त ए-फ्रेमच्या सीनच्या आत जी अक्षरं लागतात तिथं त्याचा टेक्स्ट टॅग वापरू नका, तोपण देवनागरीला गडबड करतो. कॅनव्हासवर मराठी लिहून ते चित्र म्हणून पाटीवर लावा, की झालं.

नवीन माणूस हमखास अडकतो अशा दोन जागा आहेत. पहिली, वेबएक्सआर, म्हणजे ब्राउझरमधून व्हीआर चालवायची सोय, फक्त सुरक्षित पत्त्यावर चालतं, म्हणजे एचटीटीपीएस लागतं. लॅपटॉपवर लोकलहोस्टला सगळं झकास चालेल आणि हेडसेटमधून लॅपटॉपचा आयपी टाकल्यावर व्हीआरचं बटण चालणारच नाही, रात्रभर डोकं धरून बसाल. लॅपटॉपसाठी स्वतःचं सर्टिफिकेट बनवा, हेडसेटच्या ब्राउझरमध्ये ती धोक्याची सूचना एकदा मान्य करा, आणि वेबसॉकेटचा पत्तापण सुरक्षितवालाच ठेवा. दुसरी जागा, व्हीआरमध्ये शिरायचं बटण पोरानंच दाबावं लागतं, बाईंना पॅनलवरून ते लांबून दाबता येत नाही, ब्राउझर परवानगीच देत नाही. म्हणून कार्डवर "पेज उघडलंय पण आत शिरला नाही" अशी वेगळी अवस्था पाहिजे. आमच्याकडं सुरुवातीची चार-पाच मिनिटं याच अवस्थेत जायची आणि पॅनल मात्र सगळं ठीक म्हणून दाखवायचं, त्यामुळं ताईचा पॅनलवरचा विश्वासच उडाला होता.

आता सर्व्हरनं काय लक्षात ठेवायचं ते. नवीन लोकं घटना पाठवतात: बाईंनी "पुढचा" दाबलं, सगळ्या हेडसेटना "पुढचा" असा निरोप गेला. पण त्याच क्षणी वंदनवाल्या पोरानं हेडसेट काढून घाम पुसला असेल तर? काढला की हेडसेट झोपतो, निरोप चुकतो, आणि ते पोरगं परत आत येतं तेव्हा एकटंच जुन्या सीनमध्ये. म्हणून घटना पाठवू नका, अवस्था पाठवा. सर्व्हरकडं एकच चिठ्ठी: सीन ३, थांबलेलं नाही, बाईंचं बोट टर्बाइनवर (पाण्यानं फिरून वीज करणारं चाक). जो कुणी जोडला जाईल, पहिल्यांदा किंवा परत, त्याला पूर्ण चिठ्ठी मिळते आणि तो बरोबर जागी येतो. टॅबलेट बंद पडला आणि बाईंनी मोबाईलवर पॅनल उघडलं तरी तेच चित्र दिसतं. हे एवढं एक केलंत तरी निम्म्या तक्रारी जातात.

हेडसेटकडून उलट काय यायचं? बऱ्याच जणांना वाटतं प्रत्येक हेडसेटचा पडदा पॅनलवर लाइव्ह दिसला पाहिजे. ८ व्हिडिओ एकाच राउटरवरून, प्रत्येकाला काही मेगाबिट, तो राउटर गुदमरतो आणि बाईंना पण ८ हलणारे चौकोन बघून काही कळत नाही. त्याऐवजी फक्त डोकं कुठं वळलंय तेवढं पाठवा. सेकंदाला ५ वेळा, प्रत्येक निरोप १०० बाइट धरला तरी ८ हेडसेटचे मिळून सेकंदाला ४ हजार बाइट. काहीच नाही ते. आणि त्याच्याही पुढं जाऊन हेडसेटमध्येच ठरवा पोरगं कशाकडं बघतंय: डोक्याची दिशा आणि वस्तूची दिशा यांच्यातला कोन २० अंशांच्या आत असेल, म्हणजे दोन्ही दिशांचा डॉट गुणाकार (दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळल्या तर १) ०.९४ च्या वर, आणि एक सेकंद तसाच टिकला, तर "बघतोय: टर्बाइन". कार्डवर अंश नकोत, शब्द पाहिजे. कोनाच्या आकड्यांवर काम केलंत तर ३५९ वरून ० वर उडी मारताना गोंधळ होतो, दिशा वापरल्यात तर तो प्रश्नच येत नाही.

इथं एक प्रामाणिकपणा पाळा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २, क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये डोळे टिपायची सोय नाही, फक्त डोकं टिपलं जातं. पोरगं मान सरळ ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून भलतीकडं बघत असेल तर आपल्याला कळणार नाही. बाईंना हे सांगा, नाहीतर एखाद्या बिचाऱ्या पोराला उगाच "लक्ष नाही तुझं" असं ऐकावं लागतं.

सीनची चित्रं आणि मॉडेलं तास सुरू व्हायच्या आधीच सगळ्या हेडसेटमध्ये उतरवून ठेवा. "पुढचा सीन" दाबल्यावर ८ जण एकदम मोठी फाइल ओढायला लागले तर कुणी आत, कुणी बाहेर असं होतं. राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. जुना राउटर असेल आणि २.४ वरच चालत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो घ्या, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत.

पायरी ५: "थांबा" आणि "इकडं बघा" म्हणजे नक्की काय होणार

"थांबा" दाबल्यावर चित्र गोठवायचं नाही. हे ठळक लिहून ठेवा. पोरगं मान वळवतंय आणि जग मानेबरोबर हलत नाही, असं झालं की कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं, आणि मळमळायला लागतं. थांबवायचं ते ॲनिमेशन आणि आवाज, पाणी वाहायचं थांबू दे, पण मान वळवली की जग वळलंच पाहिजे. त्यावर हळूच अंधूक करा आणि समोर एक पाटी, "आता नुसतं ऐका". आधी आम्ही "बाईंकडं बघा" लिहिलं होतं, तर पोरं हेडसेट काढून खरंच बाईंकडं बघायला लागली. बरोबरच होतं त्यांचं.

"इकडं बघा" मध्ये सगळ्यात मोठा मोह हा की बाईंनी टर्बाइनवर बोट ठेवलं की सगळ्या पोरांचा कॅमेरा आपणच टर्बाइनकडं फिरवायचा. अजिबात नको. स्वतः मान न वळवता जग फिरलं की तीच मळमळ. बाण दाखवा, नजरेच्या कडेला, ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूला, आणि पोरगं वळलं की बाण नाहीसा. टर्बाइनभोवती हलकं कडं उजळू दे. पॅनलवर त्याच वेळी बाईंना मोजणी दिसली पाहिजे: ८ पैकी ५ वळले, ६ वळले, ८ वळले. मग बाई बोलायला सुरुवात करतात. वर्गात "सगळ्यांनी इकडं बघितलं का?" म्हणून एक क्षण थांबतात ना, तोच क्षण हा.

सीन बदलताना आधी हळूच काळं, मग नवीन सीन, परत हळूच उजेड. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत नेऊ नका.

पायरी ६: नजरेनं उत्तर

हे मला या सगळ्या कामात सगळ्यात आवडलेलं आहे, आणि सुचलं ताईला. कोयनेच्या पाठात आमचा एक सीन शिवसागर जलाशयावर आहे. वीजगृहात कॅमेरा न्यायचा तर परवानग्या लागतात, म्हणून आम्ही सगळं साध्या थ्रीडी मॉडेलमध्ये केलंय. भिंत १०३ मीटर उंच, आणि पोरगं पाण्याच्या वर उभं. एका बाजूला पाटी कराड, विरुद्ध बाजूला पाटी कोकण. ताई विचारते, "या जलाशयातलं जास्तीत जास्त पाणी वीज करायला कुठल्या दिशेला जातं? ज्याला जे वाटतं तिकडं बघा आणि तसंच थांबा."

साताऱ्याच्या पोराला कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते हे पाठ असतं, प्रीतिसंगम बघितलेला असतो. पॅनलवर ८ टिकल्या, पहिल्या झटक्यात ७ कराडकडं. एक, प्रतापगड, कोकणाकडं. ताईला हे एका नजरेत दिसलं, कुणाला हात वर करायला लागला नाही, आणि एकट्या पडलेल्या पोराला दुसऱ्याचं बघून मत बदलता आलं नाही कारण त्याला बाकीचे दिसतच नव्हते. तिनं त्यालाच विचारलं, "प्रतापगड, का रे तिकडं?" तो म्हणाला, "बाई, तिकडं लय खोल उतार हाय." मग तिनं "पुढचा सीन" धरून ठेवलं आणि सगळे बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या वीजगृहात, जिथं पाणी टर्बाइनवर पडून पुढं वाशिष्ठीला जातं.

पॅनलमध्ये यासाठी जास्त काही लागत नाही. "प्रश्न" असा एक प्रकार, दोन-तीन दिशा, आणि टिकल्या कुठं जमल्यात ते दाखवणारी पट्टी. टिकली दोन सेकंद स्थिर राहिली की उत्तर धरायचं. दिशांमध्ये भरपूर अंतर ठेवा, निदान ६० अंश, आणि खूप मागं वळायला लावू नका, बाकावर बसलेल्या पोराची मान आखडते. त्या पट्टीवर कोण चुकलं ते लाल करून दाखवायचं नाही, आणि हे चित्र भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर जाऊ द्यायचं नाही, ते फक्त बाईंचं.

पायरी ७: अडचण कशी दाखवायची

सगळं ठीक असेल तेव्हा कार्ड शांत, फिकट. अडचण असेल तरच उठून दिसावं. नुसत्या लाल-हिरव्यावर अवलंबून राहू नका, लाल-हिरवा फरक न कळणारे लोक असतात, पुरुषांमध्ये जास्त, आणि खिडकीशेजारी उन्हात टॅबलेटवर सगळे रंग सारखेच फिके दिसतात. रंग, आकार आणि एक शब्द, तिन्ही. "काढलाय", "तुटलाय", "शिरला नाही".

हेडसेट दर २ सेकंदांनी मी आहे असा निरोप देतो, ३ निरोप चुकले की "तुटलाय". एक निरोप चुकल्यावर लगेच ओरडू नका, कार्ड सारखं लुकलुकलं की बाई बघायचंच सोडून देतात. आवाज तर अजिबात नको.

पोराच्या बाजूनं पण एक रस्ता ठेवा. चक्कर येतेय, भीती वाटतेय, तर सांगायचं कसं? कंट्रोलरचं कुठलंही बटण दाबून धरलं की बाईंच्या पॅनलवर त्या किल्ल्याचं कार्ड सगळ्यात वर येतं, शब्द "बोलवतोय". तोंडानं ओरडायला लाजणारी पोरं हे वापरतात.

हेडसेट नसताना सराव

लॅपटॉपवर ब्राउझरच्या ८ छोट्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा, प्रत्येक खिडकी एक हेडसेट. एकाच खिडकीत ८ टॅब नकोत, मागं झाकलेला टॅब ब्राउझर झोपवतो. ए-फ्रेममध्ये माउसनं ओढलं की डोकं वळतं. शेजारच्या मोबाईलवर पॅनल. क्रोमसाठी वेबएक्सआरचं नकली हेडसेट देणारं एक्स्टेन्शन मिळतं. मग मुद्दाम मोडा: एक खिडकी बंद करून परत उघडा, सर्व्हर बंद करून चालू करा, राउटरची पिन काढा. पॅनलवर काय दिसतं ते बघा.

आणि मग टॅबलेट अशा बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या ज्यांनी तो आधी बघितला नाही, आणि तोंड बंद ठेवा. एवढंच म्हणा, "एक हेडसेट अडकलाय, कुठला ते शोधा." अंगठा कुठं जाऊन थांबतो, कपाळावर आठी कधी येते, ते वहीत. मदत करायचा मोह फार होतो, केलीत की चाचणी वाया. चार-पाच शिक्षकांना दाखवलंत की त्याच त्याच जागा परत परत दिसायला लागतात, त्या दुरुस्त करा.

पोरांची माहिती

हे थोडक्यात पण पक्कं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते. पोरगं कुठं किती वेळ बघत होतं ही पण त्याचीच माहिती. आम्ही काहीच साठवत नाही, सर्व्हर बंद केला की सगळं पुसलं जातं, आणि खरी नावं आत नाहीतच, नुसते किल्ले. तरीपण पालकसभेत पॅनल प्रत्यक्ष दाखवा, त्यांच्याच डोक्यावर एक हेडसेट चढवा. हेडसेट बनवणाऱ्यांची वयाची अट पण बघा, मेटाच्या क्वेस्टला कमीत कमी १० वर्षं आहे आणि १० ते १२ च्या पोरांना पालकांच्या ताब्यातलं खातं लागतं.

तासाच्या दिवशी

पावसाळ्यात आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, राउटरला छोटा यूपीएस लावा, लॅपटॉपला बॅटरी असतेच. हेडसेट आदल्या रात्री चार्जिंगला, एक चार्ज साधारण दोन तास जातो, म्हणजे दुपारच्या तासासाठी परत लावावे लागतात. आत एका वेळेला ६-७ मिनिटं, मग दुसरी तुकडी. ते घड्याळ पॅनलवर वरच्या कोपऱ्यात ठेवा, मोठं, नाहीतर शेवटच्या बाकावरच्या पोरांची पाळी येत नाही आणि ती पोरं ते विसरत नाहीत. आम्ही तर कुठल्या बाकाची पाळी झाली त्यावर टिक येते अशी सोय केलीय, पुढचा तास तिथून सुरू.

"चष्मा काढा" दाबलं की सीन हळूच फिका होतो आणि मराठीत पाटी येते, "डोळे मिटा, दोन्ही हातांनी काढा, बाकावर ठेवा." डोळे मिटून काढल्यावर बाहेरचा उजेड एकदम टोचत नाही. पॅनलवर कार्डं एकेक करून "काढलाय" होत जातात, आठही झाली की पडदा आपोआप मोठ्या अक्षरात तीनच ओळींवर येतो: पुसून घ्या, चार्जिंगला लावा, ८ मोजा. ताई तेव्हा टॅबलेट टेबलावर उलटा ठेवते आणि पोरांच्या तोंडाकडं बघत विचारते, "हं, सांगा, काय बघितलं?"